तीन बाजूंची चौकट

आमच्या घरात अबोल्याचे नियम होते. कुठे लिहून ठेवलेले नव्हते, पण लिहिलेल्यांपेक्षा कडक. अबोला ज्याने धरला त्यानेच सोडायचा. अबोल्यात जेवण नाकारायचं नाही, अन्नाचा काय दोष? निरोप तिसऱ्याकरवी द्यायचा, मग समोरचा माणूस हाताच्या अंतरावर का बसलेला असेना. "आई, त्यांना सांग, पाणी तापलंय." "अगं, तिला म्हणावं, ऐकू आलं." मधल्या मध्ये आईचा पोस्टमन झालेला. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्या जागेत तीन माणसांनी अबोला निभावायचा म्हणजे कसब लागतं. आम्हाला ते होतं. मी आणि बाबा, दोघांच्याही नाकावर राग. पाव्हण्यारावळ्यांना वाटायचं, काय शांत घर आहे हो!

बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पिंपरीला कंपनीच्या बसने जायचे आणि दिवसभर उभं राहून मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज काढायचे. अबोला सोडताना तोंडाने बोलणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते पेन्सिल तासायचे. शार्पनरने नव्हे, चाकूने. डाव्या हाताने पेन्सिल जरा जरा फिरवत, लांबलचक टोक काढून, मग पॉलिशपेपरवर घासून अगदी सुई करायचे. ती पेन्सिल गुपचूप माझ्या टेबलावर येऊन पडायची. मी ती उचलून कागदावर एक रेघ ओढायची आणि नेऊन दाखवायची. ते चष्मा सारखा करून बघायचे आणि म्हणायचे, "वाकडी आहे. पुन्हा काढ." झालं. संपला अबोला. शाळेपासून हे असंच चालत आलेलं. आईला यातलं काही माहीत नव्हतं, तिला वाटायचं माणसाला पेन्सिली तासायचा नाद आहे.

मग त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. चार माणसांचं काम एक मुलगा माऊस फिरवून करू लागला आणि बाकीच्यांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. तेव्हा आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हेच. दुपारी रस्त्याने चांगले धडधाकट बाप्ये पिशवी घेऊन हिंडताना दिसत. आणि मी? मी कोथरूडला एका नव्या कंपनीत लागले होते. काम काय, तर परदेशातल्या कारखान्यांची कागदावरची जुनी ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर चढवायची. म्हणजे ज्याने बापाचा बोर्ड काढून घेतला, त्याच्याच पगारावर लेक. बाबा यावर ब्र काढत नसत. मीही काढत नसे.

निरोपाच्या दिवशी त्यांनी आपला ड्रॉइंग बोर्ड मागून घेतला. टेम्पोत घालून घरी आणला आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी मांडला. चांगला दरवाजाएवढा. सहा महिने आम्ही त्याच्या कडेकडेने चाललो. मग मी घरी कॉम्प्युटर आणला आणि म्हटलं, बाबा, हा आता माळ्यावर टाकू या.

"म्हणजे माझ्या बोर्डाला माळा, आणि त्या खोक्याला खिडकी?"

"त्या खोक्यावरच घर चालणार आहे आता," मी म्हणाले.

हे वाक्य मला आजही परत घ्यायचंय. जीभ ही अशी वस्तू आहे की तिला हाड नाही, असं आई म्हणते ते माझ्याकडे बघूनच.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना त्यांनी एकट्याने स्टुलावर चढून बोर्ड माळ्यावर चढवला. कुणाला हाक मारतील तर शपथ. चढवता चढवता तो निसटला आणि त्याचा कोपरा डोक्यात बसला, उजव्या बाजूला, कानाच्या जरा वर. टेंगूळ आलं. आईने गार पाण्याची पट्टी ठेवली. "काही झालेलं नाही मला," म्हणाले, आणि पुन्हा चढून बोर्ड ढकललाच. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. संध्याकाळी मी आईकरवी विचारलं, फार लागलंय का. आईकरवी उत्तर आलं, तिला म्हणावं, तुझ्या खोक्याला जागा झाली. टेंगूळ आठवड्यात बसलं. अबोला राहिला.

मी पेन्सिलीची वाट बघितली. खरंच बघितली. महिना गेला, दोन गेले. पेन्सिल काही आली नाही. म्हटलं ठीक आहे, या खेपेला मोठा राग आहे. मलाही मान आहे. मीही बोलणार नाही.

पुढचं वर्षभर जे झालं ते सांगताना मला माझीच लाज वाटते. कारण सगळं डोळ्यांसमोर होत होतं आणि आम्ही त्या सगळ्याला अबोलाच म्हणत होतो. बाबा हळूहळू आईशीही कमी बोलायला लागले. सकाळी उठले की कपाळ धरून बसत, मग बाम चोळून पडून राहत. चालताना डावी चप्पल फरफटत, एकदा तर ती जिन्यातच राहिली आणि हे तसेच खाली. मला वाटलं, मुद्दाम. लोकांना दाखवायचंय, बघा माझी काय दशा केली. दाढी करत ती उजव्या गालाची स्वच्छ आणि डाव्याची खुंटं तशीच. आई म्हणायची, "लक्ष नाही हो ह्यांचं कशातच. नोकरी गेली ना." शेजारीपाजारी म्हणायचे, धक्का बसलाय. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वय होतंय, फिरायला न्या. माझ्या मते तो शुद्ध हट्ट होता, आणि घरात या विषयातली तज्ज्ञ मीच.

आईला सगळ्यांत काय लागलं असेल, तर त्यांनी तिची चटणी सोडली. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, ताटात डावीकडे वाढलेलं सगळं जसंच्या तसं परत यायला लागलं. उजवीकडची भाजी, आमटी संपवायचे, डावीकडे बोट लावायचे नाहीत. तीस वर्षं ज्या चटणीसाठी पोळी जास्तीची मागितली, ती अशी वाळत पडलेली बघून आई एकदा पदर डोळ्याला लावून म्हणाली, "माझ्यावर कशाला काढतात गं?" मला इतका संताप आला! माझ्यावरचा राग आईच्या चटणीवर? त्या दिवशी जेवताना मी भांडी मुद्दाम आपटली. मी जेवायला नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसायचे. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याच सुमारास धायरीला मी नवा फ्लॅट घेतला होता. तेव्हा तिकडे इमारतीपुढे अजून ज्वारी उभी असायची. फ्लॅट तिघांसाठी होता. उत्तरेची खिडकी असलेली एक खोली मी बोर्डासाठी ठेवली होती, हे कुणाला सांगितलं नव्हतं. ते मी सांगणार होते अबोला सुटल्यावर. म्हणजे त्यांनी सोडल्यावर. स्वयंपाकाच्या ओट्याचं काम निघालं तेव्हा मी आईकडून निरोप धाडला, त्यांना विचार, ओट्याचं ड्रॉइंग काढून देतील का. खरं तर मी हात पुढे केला होता, नियम न मोडता जेवढा करता येतो तेवढा.

जे काम ते चहा निवायच्या आत करायचे त्याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी आईने कागद आणून दिला. ओटा इंग्रजी एल आकाराचा हवा होता. कागदावर उजवीकडे शेगडी, कपाट, मापं, सगळं त्यांच्या त्या देखण्या अक्षरात. आणि डावीकडे काहीच नाही. सिंक नाही, भिंत नाही, कोरा कागद.

"बिनसिंकचा ओटा!" मी आईला म्हणाले, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "कळला टोमणा. मी कुठली भांडी घासायला घरात असते, असंच ना?"

बाबा खुर्चीत बसले होते. तो कागद मी तसाच पर्समध्ये कोंबला.

आमचे सुतारकाका मुसलमान, त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. धायरीच्या फ्लॅटवर त्यांनी कागद खिडकीत धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ताई, हा अर्धाच दिलात. डावीकडचं काढायचं राहिलं का?"

"राहिलं नाही काका. टोमणा आहे तो. वडील रागावलेत माझ्यावर."

ते हसले नाहीत. "मी तुमच्या वडिलांच्या हातची ड्रॉइंग्ज पाहिलीत," ते म्हणाले. "टोमणा मारणारा माणूस चौकट तरी पुरी काढेल की नाही?"

मी कागद हातात घेतला. कुठलंही ड्रॉइंग करताना बाबा आधी चौकट काढायचे, कागदाच्या चारी कडांनी ठळक बॉर्डर. ती झाल्याशिवाय आत एक टिंब टाकायचे नाहीत. मला पहिला धडा त्यांनी तोच दिलेला. कपबशीचं चित्र काढायला बसले तर म्हणाले, आधी बॉर्डर. आणि या कागदावर बॉर्डर तीनच बाजूंना होती. वर रेघ होती, डावीकडे येता येता ती मधेच विरली होती. खाली तसंच. उजवीकडे ठळक. डावीकडे रेघच नाही.

रागावलेला ड्राफ्ट्समन लेकीचं सिंक गाळेल, भिंत गाळेल, लेकीलाही गाळेल. बॉर्डर गाळणार नाही. म्हणजे त्यांनी गाळली नव्हती. त्यांना डावीकडे कागद आहे हेच दिसत नव्हतं. आणि एकदम सगळं आठवलं, चटणी, चप्पल, डावा गाल. देवा! मी रिक्षात बसून सबंध सिंहगड रस्ताभर रडत आले.

दुसऱ्याच दिवशी डोक्याचा स्कॅन झाला. शल्यचिकित्सक बाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि बोटाने दाखवलं. "ही मधली रेघ. ही सरळ हवी." मला सेंटर लाइन कळते, तेच माझं पोटापाण्याचं काम. ही रेघ वाकून एका बाजूला गेली होती. आणि उजवीकडे कवटीच्या आत, भरल्या करंजीसारखं काहीतरी बसलेलं.

"डोक्याला कधी मार लागला होता?"

मी सांगितलं. दीड वर्षापूर्वी. बोर्ड. खोकं.

त्या म्हणाल्या, तेव्हा आत थोडंसं रक्त आलं असणार, अगदी थोडं. शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. मग ते त्याच्याभोवती पिशवी विणतं. पातळ पडदा, त्यावर आणखी एक. त्या पडद्यात नव्या, केसाहून बारीक रक्तवाहिन्या येतात. त्या कच्च्या असतात, पाझरतात, पिशवी जराशी फुगते, आणि शरीर पुन्हा पडदा जाड करतं. दुधावर सायीवर साय धरावी तसं, महिनोन्‌महिने. आणि मेंदू? तो सरकून जागा देत राहतो, कुरकुर न करता, अगदी जागाच संपेपर्यंत.

मी त्या फिल्मकडे बघत राहिले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण त्याहून मोठं काहीतरी होतं, हात जोडावेसे वाटायला लावणारं. आमच्या त्या दोन खोल्यांत, आई पोळ्या लाटत असताना, मी भांडी आपटत असताना, त्या माणसाच्या डोक्यात कुणीतरी रात्रंदिवस बसून हे इतकं नाजूक काम करत होतं. कुणालाही न विचारता. आणि आतला माणूस सरकत सरकत जागा करून देत होता. आणि आम्ही म्हणत होतो, हट्टी!

पडदा जाड झाला होता. दोन भोकं पाडून भागणार नव्हतं, हाड उघडून पिशवीच काढावी लागणार होती. "जिवाला धोका थोडा आहेच," बाई म्हणाल्या. "डावी बाजू किती परत येईल, ते मात्र मी आज सांगू शकत नाही. येईल. नाहीही येणार. थांबून बघायचं." मग म्हणाल्या, "त्यांच्याशी बोलायचं असेल तर उजव्या बाजूला उभ्या राहून बोला."

मी सकाळपासून डाव्या बाजूला बसले होते. उठले, खाटेला वळसा घालून उजवीकडे गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड उजळलं.

"अगं! तू कधी आलीस?"

दीड वर्षात त्यांनी मला उद्देशून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. नियमाप्रमाणे मी उत्तर द्यायला हवं होतं. मला हुंदकाच फुटला. मी त्यांचा हात धरून ठेवला, तोवर ऑपरेशनला न्यायला माणसं आली.

चार तास आई आणि मी बाकावर बसून होतो. आई जप करत होती. मी देवाला एकच सांगत होते, जीव ठेव रे, आणि डावी बाजूही ठेव. अर्धा बाप देऊ नकोस. बोलायला तोंड कुठलं मला, पण सांगत होते.

बाई बाहेर आल्या त्या मास्क खाली ओढत. पिशवी निघाली होती. "आतलं रक्त जुनं, काळं, इंजिन ऑइलसारखं झालं होतं," म्हणाल्या. "पिशवी काढली आणि बघता बघता मेंदू परत जागेवर यायला लागला. किती वेळा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी मी क्षणभर थांबते." त्या बाईंचेही डोळे चमकत होते, आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही. त्या दचकून मागे सरल्या.

तिसऱ्या दिवशी बाबा उशाला टेकून बसले. डोक्याला पांढरं मुंडासं. जुनी फिल्म मागवून घेतली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "याचं स्केल काय?" मग म्हणाले, "काम चोख केलंय आतल्याने. पॅकिंग बघ." मी हसले, आणि हसताना माझं लक्ष त्यांच्या जेवणाच्या ताटाकडे होतं. वरणभात संपला होता. डावीकडची कोशिंबीर तशीच होती.

तरी मी विचारलंच. दीड वर्ष पोटात ठेवलेलं. "बाबा, एवढा कसला हो राग धरलात माझ्यावर?"

"राग?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "पहिले पंधरा दिवस होता. मग पेन्सिल ठेवली की मी. तूच रेघ दाखवायला आली नाहीस. मला वाटलं, पोरीला आता पेन्सिल नको झालीय. तरी ठेवत राहिलो."

मला वाटलं, डोक्याला मार आहे, काहीबाही आठवत असेल. घरी गेले, आईला विचारलं.

"हो गं," आई म्हणाली. "तू ऑफिसात असताना तासत बसायचे आणि तुझ्या त्या कॉम्प्युटरपाशी आणून टाकायचे. तुला कुठे लागतात आता पेन्सिली? पुसापुशी करताना मी उचलायची आणि खालच्या खणात टाकायची."

मी त्या टेबलाचा खण कधी उघडलाच नव्हता. कॉम्प्युटरला खण कशाला लागतो? उघडला. आत नऊ पेन्सिली होत्या. मी जमिनीवर बसले आणि त्या ओळीने मांडल्या. मांडताना क्रम कुणाला विचारावा लागला नाही. पहिलीचं टोक सुईसारखं, लांब, चारी बाजूंनी सारखं. दुसरीचंही. तिसरी जरा आखूड. पाचवीला लाकडावर खाचा पडलेल्या. डावा हात फिरवेनासा झाला होता ना, मग पेन्सिल फिरायची नाही आणि चाकू एकाच जागी बसायचा. आठवी एका अंगाने खरवडलेली. नववी एकाच बाजूने तासलेली, दुसऱ्या बाजूचा रंग तसाच, शिसं अर्धं लाकडात. ते तसंही त्यांनी घासून टोकदार करायचा प्रयत्न केला होता.

पंधरा दिवस. त्यांचा अबोला पंधरा दिवसांचा. पुढचा सगळा माझा होता. आतून ते एवढे दाबले जात असताना, हात ऐकेनासा झालेला असताना, या माणसाने नऊ वेळा माझ्याकडे यायचा रस्ता धरला होता, आणि मी नऊही वेळा त्याच घरात राहत होते. मी त्या पेन्सिली पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडले. आई दारात येऊन उभी राहिली.

मग मी पर्समधून तो ओट्याचा कागद काढला, जमिनीवर सपाट केला, आणि ती नववी पेन्सिल घेतली. एका अंगाने तासलेल्या पेन्सिलीने सरळ रेघ येत नाही. पट्टी धरली तरी लाकूड कागदावर अडत होतं. मी डावीकडची चौथी बाजू ओढली.

संध्याकाळी इस्पितळात गेले. या खेपेला मी मुद्दाम वळसा घातला नाही. दारातून सरळ त्यांच्या डाव्या बाजूला गेले, आणि काही न बोलता कागद त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी चष्मा सारखा केला. कागदाची उजवी कड बघितली. वरची बघितली, खालची बघितली. बराच वेळ गेला. मग त्यांची मान सावकाश, अगदी सावकाश डावीकडे वळली. नजर कागदाच्या त्या कडेपर्यंत आली, तिथून माझ्या बोटांवर, आणि तिथून वर माझ्या तोंडाकडे.

"वाकडी आहे," ते म्हणाले. "पुन्हा काढ."